मीठ ठेवा, मागं सरा

"आये, अजून एक गोण लागंल," हितेश म्हणाला आणि सखुबाईंनी हातातला तांब्या तसाच खाली ठेवला.

"अरं, शिकवायला चाललास का मासळी खारवायला?"

"शिकवायलाच. माली साम्राज्य! सहारा वाळवंटाच्या काठावरचं. तिकडं सोनं ढिगानं होतं, पण मीठ न्हाय. उंटावरून मीठ यायचं नि त्याच्या बदल्यात लोक सोनं द्यायचे सोनं!"

"सोनं? मिठाला?" सखुबाई ओट्याला टेकल्या. "मग तुझ्या बापाला पेणात कशाला जल्माला घातला देवानं?"

हितेशचे वडील नामा यांनी खाडीकाठी अजून मिठाचे दोन वाफे राखले होते. बाकीच्या भाऊबंदांनी ट्रक घेतले, यांनी मीठ धरून ठेवलं. त्यामुळे घरात मीठ एवढं, की पाहुण्याला चहा नको असला तर पिशवीभर मीठ तरी द्यायचेच.

आता हितेशचं दुखणं ऐका. हा गडी अलिबागच्या एका कॉलेजात सहा वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होता. तासिका तत्त्व म्हणजे दर जूनला नवा अर्ज आणि दर एप्रिलला टाटा. यंदा कुठे एक कायमची जागा निघाली होती. बाहेरून एक परीक्षक येणार, एक पाठ बघणार, फॉर्मवर एक शेरा लिहिणार. शेरा 'उत्तम' किंवा त्याच्याही वरचा 'अत्युत्तम' पडला तर हितेश कायम. 'उत्तम'च्या खाली काहीही पडलं, की पुन्हा जून आणि पुन्हा अर्ज! म्हणून त्यानं ठरवलं, वर्गात फळ्यावर नकाशा वगैरे नाही, थेट किहीमच्या किनाऱ्यावर वाळवंट उभं करायचं. वाळू आहेच, मीठ घरचं आणि उंट तर तिथे सुट्टीवाल्यांना फिरवायला रोज असतोच.

"आणि ही हळद कशाला?" सखुबाईंनी डबा उचकला.

"सोन्याची पूड म्हणून. द्रोणात भरून मिठाच्या ढिगाशेजारी ठेवायची."

सखुबाईंनी डब्याचं झाकण परत लावलं. मग हळूच म्हणाल्या, "मीठ नि हळद? उघड्यावर? द्रोणात? बाबा, माणसं काय म्हनतील?"

"सकाळी आठला समुद्रावर माणसं कुठली, आये!"

झालं, इथेच चुकला तो. मिठागरवाल्याचा पोरगा, आणि मिठाबद्दल आईचं ऐकलं नाही.

खेळ असा होता. त्या काळी म्हणे मुका व्यापार चालायचा. मीठवाले ढीग मांडून लांब जायचे. मग सोनंवाले येऊन प्रत्येक ढिगाशेजारी सोनं ठेवायचे आणि तेही लांब जायचे. मीठवाल्यांना पटलं तर सोनं उचलायचं. नाही पटलं तर हात न लावता मागं सरायचं, म्हणजे समोरचा आणखी ठेवतो. सगळं न बोलता! हितेशनं टीवायच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या पोरांचे दोन गट केले. मीठवाल्यांनी वाळवंटातल्यासारखं डोक्याला आणि तोंडाला पांढरं फडकं गुंडाळायचं, फक्त डोळे उघडे. आणि शेवटची तंबी, "पाठ संपेपर्यंत जो एक शब्द बोलेल, त्याचे अंतर्गत परीक्षेचे दहा गुण गेले. मग साक्षात प्राचार्य विचारू देत."

मीठवाल्यांची पुढारी होती पूनम. ही पोरगी एकदा नियम ऐकला की वाक्यातल्या स्वल्पविरामासकट पाळणारी.

बरोब्बर आठला सात ढीग मांडले गेले आणि मीठवाले सुरूच्या झाडांत जाऊन बसले. सोनंवाल्यांनी सात द्रोण ठेवले आणि ते पालथ्या होडीमागे लपले. परीक्षक येसाजीराव आले. हा माणूस मुळातच कमी बोलणारा. नमस्काराला मान, चहाला मान, नकोलाही मानच. ते होडीच्याच आडोशाला खुर्ची टाकून बसले आणि फॉर्म मांडीवर घेतला. आता फक्त मालीचा सम्राट मन्सा मुसा उंटावरून यायचा, पाठ सुरू करायचा आणि सगळं समजावून सांगायचा. मन्सा मुसा म्हणजे हितेशच, आईच्या जरीच्या शालीत.

आणि तो येत होता की! लांबून दिसत होता! पण शंभर पावलांवर आला आणि उंट वळला.

"अरे चंदर, सरळ घे ना!" हितेश वरून ओरडला.

"सर, हिरो सात वर्षं हितूनच वळतो," उंटवाला चंदर खालून शांतपणे म्हणाला. "झेंड्यापर्यंत जायचं नि परत. त्याला पुढचा किनारा म्हाईतच न्हाय."

"मग मला खाली उतरव!"

"तो फेऱ्या संपल्याशिवाय बसत न्हाय ना. तुम्ही किती फेऱ्या सांगितल्या?"

"मी कुठं फेऱ्या सांगितल्या!"

"मग मी पाच धरल्या."

तर आफ्रिकेचा सर्वांत श्रीमंत सम्राट दर दहा मिनिटांनी क्षितिजावर उगवायचा, हात हलवायचा आणि माघारी जायचा. येसाजीरावांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात किनाऱ्यालगतच्या वाडीतले रंगूकाका फिरायला आले. डॉक्टरांनी सांगितलेलं, सकाळी चाला. ते चालत आले आणि थिजले. समोर मिठाचे सात ढीग, प्रत्येकाजवळ हळदीचा द्रोण, चिटपाखरू नाही. आणि सुरूच्या झाडांत डोळेच डोळे!

"ए पोरांनो," रंगूकाका तिथूनच म्हणाले, "कोनी मांडलं रं हे?"

कोणीच बोललं नाही. दहा गुण!

"अरं, बोला तरी! जिवंत हाव ना?"

पूनमनं फडक्यावरून ओठांवर बोट ठेवलं. रंगूकाका डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगाच्या चौपट वेगानं वाडीत परतले.

पंधरा मिनिटांत वाडी लोटली. पुढे ठमीमावशी. दृष्ट, नजर, बाधा, जे काही असेल ते उतरवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नाही. ती दहा पावलांवर थांबली आणि नाकावर पदर धरला. "सात! साधीसुधी करनी न्हाय ही. अख्ख्या वाडीवर हाय."

"मग आता गं?" रंगूकाकांनी विचारलं.

"मानपान द्यावा लागंल. नारळ आन."

नारळ आला. ठमीमावशीनं तो पहिल्या ढिगाशेजारी ठेवला, हात जोडले आणि सगळे मागं सरले.

इकडे सुरूच्या झाडांत पूनमचे डोळे चमकले. सरांनी गावालाही पाठात घेतलं! केवढं प्लॅनिंग! तिनं हात केला. बारा पांढरी फडकी रांगेत बाहेर आली. आली, नारळाकडे बघितलं, पूनमनं सावकाश मान हलवली, आणि बाराच्या बारा जणं मागं सरून झाडांत गेली.

अख्खी वाडी आणखी दोन पावलं मागं सरली.

"न्हाय घेतला," रंगूकाका पुटपुटले. "नारळ न्हाय घेतला!"

"कमी पडतंय," ठमीमावशी म्हणाली. "कोंबडा आना."

कोंबडा आला, पायाला सुतळी बांधून. ठेवला, सगळे मागं सरले. फडकी आली. कोंबड्यानं पूनमकडे बघितलं, पूनमनं कोंबड्याकडे. सरांनी सांगितलं होतं, सोन्याशिवाय काही उचलायचं नाही. मान हलली. फडकी मागं.

"आता काय हत्ती देऊ काय!" रंगूकाका रडकुंडीला आले.

मग साडी आली. मान हलली. मग कोणाच्या तरी घरची बाटली आली, फडक्यांतल्या मागच्या दोघांनी जरा रेंगाळून बघितली, पण पूनमनं कोपर मारलं आणि मान हललीच. होडीमागे सोनंवाले गोंधळलेले. सम्राट येईपर्यंत त्यांच्या हळदीला कोणी विचारणार नव्हतं आणि बोलायची सोय नव्हती. येसाजीराव मात्र खुर्चीच्या टोकावर आले होते आणि भराभर लिहीत होते. लांबवर सम्राट चौथ्यांदा उगवला, दोन्ही हात हलवत ओरडला, "अरे थांबा! थांबा!" आणि मावळला.

"त्यो बघा," रंगूकाका कुजबुजले, "मगाधरनं येतोय नि जातोय. त्योच म्होरक्या!"

ठमीमावशीनं मोठा श्वास घेतला. नाकातली नथ काढली. सोन्याची, तिच्या सासूची. वाडीसाठी म्हणून ती पुढे झाली, नथ मिठाशेजारी ठेवली आणि डोळे पुसत मागं आली.

आणि पूनम नथ उचलायला निघाली. बरोबरच होतं तिचं! सोनं होतं, खरं सोनं, नियमाप्रमाणे सौदा पटला!

नेमका तेव्हा वारा फिरला आणि हिरोला मिठाचा वास गेला. उंटाला मीठ म्हणजे काय ते तुम्हाला-मला नाही कळायचं. तो झेंड्यापाशी आला, वळला नाही, थेट सुटला! मागे चंदर, वर सम्राट, शाल वाऱ्यावर.

"हिरोऽऽ! अरं झेंडा गेला मागं!"

वाडीनं दोन बाजूंना वाट दिली. हिरो पहिल्या ढिगापाशी पोचला, नथीपासून वीतभर अंतरावर गुडघे टेकून बसला आणि जीभ काढून मीठ चाटायला लागला. सम्राट मानेवरून घसरत वाळूत आला.

"गिळली त्यानं!" रंगूकाका ओरडले. "करनी गिळली!"

"करणी कसली!" हितेश तोंडातली वाळू थुंकत उठला. "मीठ आहे हो ते! आमच्या बाबांच्या वाफ्यातलं! आणि ती हळद, स्वयंपाकघरातली! पाठ चाललाय पाठ!"

मग त्यानं सगळं सांगितलं. वाळवंट, उंट, सोनं, मुका व्यापार. पोरांनी फडकी काढली. ठमीमावशीनं आधी नथ उचलून नाकात घातली, मग पूनमकडे बघितलं.

"तू व्हय गं ती मान हलवनारी?"

पूनम गप्प. अजून पाठ संपला नव्हता.

"माझा कोंबडा काय कमी पडला होता काय गं?"

हितेश म्हणाला, "पूनम, बोल बाई. गुण दिले."

"मावशी," पूनम म्हणाली, "नियमात कोंबडा नव्हता."

सगळी वाडी हसली. ठमीमावशी पण. मग ती वाकली, मिठाचा एक खडा उचलून जिभेवर ठेवला. "खाडीचं हाय खरंच! हे आता मिळतं कुठं? ए रंग्या, पिशवी आन, कैऱ्या खारवायच्यात." बघता बघता पाच ढीग वाडीत गेले. पहिला हिरोनं संपवला होताच. नारळ मात्र ठमीमावशीनं तिथेच ठेवला. "तुझ्या बापाला दे," म्हणाली आणि निघून गेली.

हितेश उरलेल्या एका ढिगापाशी मटकन बसला. पाठ तर झालाच नाही. मन्सा मुसावर एक वाक्य नाही, साम्राज्याची एक सनावळी नाही. गेलं सगळं. आता जून!

येसाजीराव उठले. काही न बोलता आले, ढिगाशेजारी फॉर्म ठेवला, वर एक शिंपला ठेवला वाऱ्यासाठी, आणि वळून गाडीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

हितेशनं वाकून बघितलं. शेरा होता, 'समाधानकारक'. त्याच्या डोळ्यांपुढे अर्जांचा गठ्ठा आला. त्यानं फॉर्मला हात घातला, तर पूनमनं बाही ओढली.

"सर, उचलू नका. मागं सरा."

"अगं, वेडी आहेस काय? नोकरीचा कागद आहे तो!"

"सर, पटलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग मागं सरा."

तीस पोरं आणि एक सम्राट मागं सरून सुरूच्या झाडांत उभे राहिले. येसाजीरावांनी वळून बघितलं. फॉर्म तिथेच. ते आले. बराच वेळ कागदाकडे बघत उभे राहिले. मग खिशातून पेन काढलं, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि परत गेले.

हितेश धावला. 'उत्तम'! खाली लफ्फेदार सही!

"सर, अजून एकदा—" पूनम म्हणेपर्यंत त्यानं फॉर्म उचलून छातीशी घट्ट धरला होता.

मान वर केली तर येसाजीराव पुन्हा त्याच्याच दिशेनं अर्ध्या वाटेवर आलेले, हातात उघडं पेन. त्यांनी हितेशच्या छातीवरच्या कागदाकडे बघितलं, पेनाला सावकाश टोपण लावलं आणि त्या दिवसातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य बोलले.

"मीठवाल्याचा मुलगा ना तुम्ही? घाई केलीत."