शेंदरी तुरंगाची हकीकत आणि लाल चिंधीची

श्री. जी माणसास वाटेला लावते आणि मनांत आलें तर त्याच वाटेनें परत आणते, त्या मार्गेश्वरीस नमन करून लिहिलें जातें ऐसें जे. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्षमासीं सिदराम मिस्त्री पागेचें कुलूप काढीत होते, आणि कडी वाजतांच त्यांचे कानीं एक शब्द आला. तो शब्द बेचाळीस वर्षांमागें याच दारांत बोलला गेला होता: “चावी ठेव खाली. पुन्हा या पागेत पाऊल टाकायचं नाही.” शब्द थोरल्या सरकारांचा. बोलणारे कैलासवासी जाहले, दाराला दोनदां रंग लागला, आणि शब्द मात्र कडीला लोंबत राहिला तो राहिलाच.

ते राज्य म्हणजे केवढें, तर पेट्रोलचे तीन पंप, दोन मालट्रक, एक जीप आणि चार गाड्या मावतील ऐसी एक पागा. अधिपती आबासाहेब, लोक त्यांस थोरले सरकार म्हणत. त्यांचे एक मेहुणे जहाजावर इंजिनिअर होते. त्यांनीं उदयद्वीपीं, म्हणजे जपान मुलखीं, शके अठराशें त्र्याण्णवांत घडलेली एक शेंदरी धावगाडी पसंत केली, आणि ती जहाजांत घालून बंदरीं उतरविली, आणि जकातवाल्यांनीं दीड वर्ष अडकवून ठेविली, आणि मग एके सकाळीं ट्रकाचे पाठीवर बसून ती राज्यांत दाखल जाहली. नाक लांब, पाठ आखूड, आसनें दोनच, तींही जमिनीस टेकलेलीं. वाजंत्री लावून मिरवणूक काढिली. सरकारांच्या मातोश्री आऊसाहेबांस आंत बसविलें, आणि उतरतांना दोघींनीं हात धरून ओढिलें, तेव्हां त्या बोलल्या, “ही गाडी माणसाला बसवत नाही बाई, लोळवते!” तरी राज्य गाडीवर लुब्ध जाहलें. चौकांत तिचा आवाज आला कीं चहावाले किटली हातांत धरून उभे राहत.

गाडीची निगा सिदराम मिस्त्री यांजकडे सोंपविली. मिस्त्री तेव्हां ऐन तरुण, हात सोन्याचे. त्यांनींच थोरल्या सरकारांचे पुत्र हंबीरराव, ज्यांस सारे धाकले सरकार म्हणत, त्यांस मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायास शिकविलें होतें. मिस्त्रींचा पागेंत एक कायदा होता. इंजिनांतलें जुनें तेल काढिलें कीं स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची, आणि नवें तेल ओतीपर्यंत ती सोडायची नाहीं. चिंधी दिसली कीं खुद्द सरकारांनींही चावी फिरवायची नाहीं. आणि राज्याचा रिवाज ऐसा कीं, खंडेनवमीस साऱ्या गाड्या धुवून पुजायच्या, त्या दिवशीं कोणतेंही चाक हलवायचें नाहीं, आणि कोणा गाडीचें तेल बदलायचें तें मिस्त्रींनींच ठरवायचें, नवें तेल मात्र दसऱ्याचे सकाळीं, सीमोल्लंघनाआधीं ओतायचें.

मग शके एकोणीसशें चार, दुंदुभीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमीस मिस्त्रींनीं शेंदरी गाडीचें तेल काढिलें आणि चिंधी बांधिली. दुपारीं पूजेची तयारी जाहली, झेंडूची थोरली माळ आली, आणि मिस्त्रींनीं पाहिलें तों स्टिअरिंगला तेलानें काळी मिचकट पडलेली तीच चिंधी. देवाचे कामीं हें ओंगळ दिसेल ऐसें मनीं आणून त्यांनीं ती सोडून खिशांत घातली आणि तेथें माळ बांधिली. माळ अशी भरघोस कीं पुढचे सारे काटे फुलांआड झांकले गेले. नवमीला कोण गाडी काढतो, ऐसें म्हणून मिस्त्री आंघोळीस घरीं गेले. आणि तिन्हीसांजे खबर आली कीं, अक्कासाहेब लग्नानंतर पहिल्या दसऱ्यास माहेरीं येत आहेत आणि यष्टी स्टँडावर सामान घेऊन उभ्या आहेत. धाकले सरकार वीस वर्षांचे. बहिणीस शेंदरी गाडींतून आणूं, तिला हसवूं, इतकीच मसलत. रिवाज मोडला, चावी फिरविली, आणि स्टँडाचे अलीकडे टेकाड चढतांना इंजिनांतून लोखंड रडल्यासारखा आवाज आला आणि गाडी जाग्यावर थिजली. आंतले पिस्टन चिकटून एक जाहले.

गाडी दोरानें ओढून आणिली. थोरले सरकार पागेच्या दारीं उभे. “नवमीला चाक हलवलंस ते हलवलंस, तेलाचा काटा बघता आला नाही? डोळे कुठं होते?” धाकले सरकार खालीं पाहून बोलले, “माळ होती, आबा.” “माळंवर घालतोस व्हय रं आता?” आणि मग तो शब्द जाहला, तो वर लिहिला आहे. मिस्त्री दहा पावलांवर उभे, मूठ खिशांत, मुठींत चिंधी. उद्यां सांगूं, ऐसें मनाशीं म्हणाले. उद्यांचा परवा जाहला, आणि परवां धाकले सरकार पहांटेच्या यष्टीनें परमुलखीं कूच करून गेले. मिस्त्रींच्या कारभारणीस मात्र सारें ठाऊक, ती दळतांना गाई:

वरून झेंडू ग, पिवळा सोहळा
आतून कोरडा, घोड्याचा ग गळा

आणि मिस्त्री उठून अंगणांत जात.

पुढें बंदरावरच्या भंगारांतून दुसरें इंजिन आणून बसविलें. गाडी चालूं लागली, परंतु थोरले सरकार तींत बसून बाहेर गेले नाहींत. पागेंतच तिच्यांत बसत, डावा हात मोकळ्या आसनावर ठेवीत. आणि मिस्त्रींनीं त्या सालापासून नवा कायदा केला: माळ असो, तोरण असो, पूजेंतही चिंधी सोडायची नाहीं. हाताखालचे लोक हंसत, “मिस्त्री, देवाला काय चिंधी नेसवताय?” मिस्त्री हंसत नसत. शेवटल्या वर्षीं थोरल्या सरकारांनीं त्यांस गाडीजवळ बोलावून एक गोष्ट विचारिली, आणि मिस्त्रींनीं एक उत्तर दिलें, तें पुढें येईल. सरकार कैलासवासी जाहले तेव्हां धाकले सरकार आले, बहिणीचे गळां पडून रडले, परंतु पागेच्या उंबऱ्याशीं थांबले. त्यांनीं जन्मांत पुन्हा स्टिअरिंगास हात लाविला नव्हता, आणि बापाचा हुकूम बाप गेल्यावरही मोडिला नाहीं.

आतां अक्कासाहेबांनीं गाडी विकावी ऐसें ठरविलें, कारण पागेचें छप्पर गळतें आणि मिस्त्रींचे डोळे बाहत्तरीस मंद जाहले. सहीसाठीं भाऊ आले, केस पांढरे, आणि उंबऱ्याबाहेरच खुर्ची मागितली. शहराहून जुन्या गाड्यांच्या पारखी, वेलणकर बाई, भिंग आणि दिवा घेऊन आल्या. त्या जहाजाच्या पावतीपासून जकातीच्या दाखल्यापर्यंत सारे कागद लावीत बसल्या, आणि आनंदानें म्हणाल्या, “काय जपलीय हो गाडी! आत पत्र्याखाली मूळ शेंदरी तसाच आहे. देशात अशा दहासुद्धा नसतील.” मिस्त्री बोलले, “बाई, लेकीवानी सांभाळलीय.” मग बाईंनीं नाकाखालच्या पाटीवरला आंकडा वाचला, आणि इंजिनावरला वाचला, आणि पुन्हा वाचला, आणि भिंग खालीं ठेविलें. “इंजिन तिचं नाही. जन्माचं इंजिन असतं तर दुप्पट मोल आलं असतं. आता निम्मं धरा. पण घेणाऱ्याला पूर्ण इतिहास लागतो. इथं रकाना आहे, मूळ इंजिन का बदललं. काय लिहू?”

मग उंबऱ्याबाहेरून धाकले सरकार शांतपणें बोलले, जणूं पाठ केलेलें, “लिहा. मालकाच्या मुलाच्या हलगर्जीपणामुळं.” अक्कासाहेब म्हणाल्या, “माझ्यासाठी निघाला होता तो. माझंच नाव लिहा बाई, मी आले नसते तर काही झालं नसतं.” “तू गप गं.” “तूच गप. इतकी वर्षं गपच आहेस.” बाईंची लेखणी कागदास टेकली, आणि मिस्त्रींनीं ती हातानें धरिली. दुसरा हात खिशांत गेला. बाहेर आली ती चिंधी, धुवून धुवून गुलाबी पडलेली, धाग्याला धागा राहिलेली.

“लिवू नगा,” मिस्त्री बोलले. “गाडीत त्याल नव्हतं. म्या काढलं हुतं. ही स्टेरिंगला हुती, म्या सोडली, फुलांची माळ बांधाय. काटं झाकलं ते माझ्याच माळेनं. पोराचा काय बी गुन्हा न्हाई.”

अक्कासाहेबांनीं तोंडावर पदर धरिला. धाकले सरकार खुर्चींतून उठले, आणि उंबऱ्यापर्यंत आले, आणि थांबले, आणि फार हळू विचारिते जाहले, “सिदूकाका, आबांना ठाऊक होतं?”

एणेंप्रमाणें त्या राज्याची हकीकत जाहली. गाडीचें मोल निम्में आलें, कागद मात्र पुरा जाहला. दोहोंत थोर काय, हें ज्याचें त्यानें आपल्या दारीं बसून ठरवावें. थोरल्या सरकारांस कळलें होतें कीं नाहीं, तें मिस्त्रींनीं उंबऱ्याकडे पाहून आपल्या तोंडें सांगितलें, तेंच शेवटीं लिहितों:

“न्हाई, धाकलं सरकार. शेवटच्या सालात मला हितंच बसवून इचारलं त्यांनी. म्हणालं, सिदू, खरं सांग, गाडीतच काय खोट हुती का? असंल तर उद्याच्या यष्टीनं जातो आन् पाय धरून आणतो पोराला. आन् म्या म्हणलं, गाडी चोख हुती, सरकार.”