दोघांचं एक कार्ड

मोर्चाला जाताना माणसं पाण्याची बाटली नेतात, छत्री नेतात. आमचे सोनावणे काका ज्याच्याशी भांडण आहे तो माणूसच बरोबर नेत.

रीडिंगला आमच्या शेजारच्या घरात काका राहतात. दर शनिवारी ते आणि त्यांचा दोस्त पेणकर एकाच गाडीने लंडनला निघत. लंडनला उतरले की काका पॅलेस्टाईनच्या मोर्चात, आणि पेणकर त्याच मोर्चाच्या विरोधात, इस्रायलचा छोटा झेंडा घेऊन पोलिसांच्या कठड्यापलीकडे. दिवसभर एकमेकांविरुद्ध घसा फोडायचा आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. कारण सवलतीचं रेलकार्ड दोघांच्या नावाने एकच होतं. दोघं एका गाडीत असले तरच तिकीट स्वस्त. क्रिकेटच्या मॅचेस बघायला म्हणून कधीकाळी काढलेलं. क्रिकेट राहिलं बाजूला, पण कार्ड चालू.

माझी शनिवारी लंडनला शिफ्ट असते, त्यामुळे हे नाटक मी समोरच्या सीटवरून फुकट पाहिलंय.

काका जन्मभर सॉफ्टवेअर टेस्टर. देवाने सृष्टी दाखवली असती तरी बग काढून परत पाठवली असती. त्यांचं एक पालुपद, "आधी व्याख्या." त्यांच्या फलकावर घोषणा नसे, निबंध असे. 'गाझातलं युद्ध थांबवा' एवढं मोठ्या अक्षरात, आणि खाली, हे सरकारला उद्देशून आहे, ज्यू माणसांना नव्हे. झायोनिझम शब्दाचे चार अर्थ आहेत, पैकी आमचा विरोध कशाला ते मागील बाजूस पाहावे. एक पोलीस तो फलक वाचायला लागला, तो दोन्ही बाजू वाचून होईपर्यंत मोर्चा पार्लमेंटला पोचून पांगला होता.

आणि पेणकर म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. पेणचा. केमिस्टच्या दुकानातून रिटायर झालेला. बहीण तिकडे इस्रायलला, सायरन वाजला की गुडघे धरत तळघरात उतरणारी.

"शनिवार तर तुमचा विश्रांतीचा वार ना? मग प्रवास कसा हो करता? चालतं?" मी एकदा पेणकरला विचारलं.

"आजोबांनी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायला सांगितलं होतं. ट्रेनचं काही बोलले नव्हते," पेणकर म्हणाला आणि काकांच्या पुढ्यात घावनांचा डबा सरकवला.

घावन खाता खाता जुंपायची.

"घर हवं म्हणणं वंशवाद का रे, सोनावणे?"

"घर हवं म्हणणं नाही. दुसऱ्याच्या घरात शिरून त्यालाच गावकुसाबाहेर बसवणं. गावकूस काय असतं ते मला शिकवू नकोस."

"माझ्या बहिणीच्या डोक्यावर रॉकेट पडतं, त्याची व्याख्या काय?"

"गुन्हा. तेही लिहिलंय, मागच्या बाजूला. पण तिकडे गेल्यावर तिथल्यांनीच तिला विचारलं ना, तू खरी ज्यू कशावरून?"

"आणि तुला पुण्यात खोली देताना आडनाव विचारलं, म्हणून तू देश सोडलास का?"

"सोडला की. रीडिंगला आलो."

अख्खा डबा हसायचा. मराठी न कळणारे गोरेसुद्धा.

मग एका संध्याकाळी परतीच्या गाडीत मोर्चातली चार पोरं चढली, गळ्यात स्कार्फ, अंगात जोर. एकाला पेणकरच्या पिशवीतून डोकावणारा झेंडा दिसला. तो पेणकरला पोरं मारणारा म्हणाला. तुम्ही लोक सगळे तसलेच, आलात तिथे परत जा, म्हणाला.

"कुठे, पेणला?" पेणकर मराठीत पुटपुटला. कुणी हसलं नाही.

काका उठले. हातातला फलक त्यांनी असा आपटला की पुढच्या स्टेशनावरचा सिग्नल लाल झाला असावा. "आधी व्याख्या," ते इंग्रजीत गरजले. "तुम्ही लोक म्हणजे कोण? सरकार, लष्कर, की हा केमिस्ट?"

"अंकल, तुम्ही आपल्या बाजूचे ना?"

"मी तिथे मरणाऱ्यांच्या बाजूचा आहे. तुझ्या नाही." मेडनहेड स्टेशन येईपर्यंत काकांनी त्याला वंशवाद फोड करून शिकवला. पोरं तिथे उतरली. त्यांना तिथे उतरायचं नव्हतं, हे मी पैजेवर सांगतो.

मला वाटलं, आता पेणकर डबा उघडेल. त्याने तो रीडिंगपर्यंत पिशवीतच ठेवला.

"बरं बोललास," फलाटावर उतरल्यावर तो काकांना म्हणाला. "पण पुढच्या शनिवारी पुन्हा त्या पोराच्याच शेजारी उभा राहशील."

"राहीन. तिथे रोज पोरं मरतायत, पेणकर."

"माहीत आहे."

"आणि तुझ्या कठड्याच्या आतून मला ब्राऊन कुत्रा कोण म्हणाला होता? तू त्याच्याशेजारीच होतास. तू काय बोललास?"

पेणकरने झेंड्याची गुंडाळी पिशवीत खोल ढकलली. "काही नाही बोललो," तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळाला केवढा आनंद झाला. 'ग्रुपवर राजकारण नको' असं रोज बजावून दोघांनाही देशद्रोही ठरवणारी ही मंडळी. एक म्हणाले, बरं झालं, सोनावणे आता एका बाजूचे झाले. मोर्चातले म्हणाले, हा बुवा ज्यूंची वकिली करतो.

काका मात्र जातात. एकटे, पूर्ण भाड्याचं तिकीट काढून, तोच निबंध धरून.

परवा गाडीत ते फोनवर काहीतरी भरत बसले होते. मी डोकावलो. रेलकार्डाची मुदत संपत होती आणि काका ते पुन्हा दोघांच्या नावाने काढत होते.

"काका, साठी उलटली तुमची. सीनियर कार्ड घ्या. एकट्यालाही सवलत मिळते."

"माहीत आहे. साठ झाल्यापासून."

"पेणकरकाकांना?"

"तो माझ्याहून मोठा."

"मग इतकी वर्षं हे कशाला?"

"त्यावर एकाचंच नाव येतं," काका म्हणाले. मग चष्मा वर करून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "काय रे, पेणकरचा जुनाच फोटो चालतो ना?"

चालतो, म्हटलं. मला माहीत नव्हतं.