उटे क्रेमर थांबणार कधी?

"जर्मनचं माझ्यावर सोडा," नीलाने फोनवर इतक्या ठामपणे सांगितलं, की पेपर वाचणाऱ्या विश्वासचा चष्मा नाकावरून घसरला.

फोन बू सालेम यांच्या ऑफिसातून होता. हे कुवेती गृहस्थ एअर कंडिशनर विकायचे, विश्वासच्या ओळखीतले. १९९७च्या हिवाळ्यात जाहिरातीसाठी त्यांनी गोल्फची स्पर्धा भरवली होती आणि पाहुणी म्हणून जर्मनीहून उटे क्रेमर नावाची व्यावसायिक खेळाडू बोलावली होती. पत्रकारांशी मी माझ्याच भाषेत बोलेन, अशी बाईंची अट होती. म्हणून दुभाषी हवी होती.

"अगं, तुझं जर्मन लग्नाच्या आधीचं आहे," विश्वास म्हणाला.

"मग काय झालं? पुण्यात दोन परीक्षा दिल्यात मी. दोन्ही पहिल्या वर्गात."

"तेव्हा तू सतारही वाजवायचीस."

"अहो, सतारीला तारा लागतात. भाषेला तोंड लागतं, ते आहे माझ्याकडे."

विश्वासने चष्मा वर सरकवून पेपर पुन्हा उघडला. कुवेतला, सालमियाच्या त्या फ्लॅटमध्ये येऊन सहा वर्षं झाली होती. नीलाच्या बताक्यावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, व्यवसायाच्या जागी 'गृहिणी' असं लिहिलेलं होतं, आणि ते कार्ड हातात घेतलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. पत्रकार परिषदेच्या दिवशी तिने ठेवणीतली नारायणपेठ नेसली.

उटे क्रेमर उंच, उन्हाने तांबूस झालेली, पंचेचाळिशीची बाई होती. हँबर्गजवळच्या एका खेड्यात ती लोकांच्या गोल्फच्या पिशव्या वाहत मोठी झाली. ऐंशीच्या दशकात दोन मोठ्या स्पर्धा जिंकली. मग मनगटाचं ऑपरेशन झालं, आणि आता ती बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन दिवसांतच बाद व्हायची. ही सगळी माहिती नीलाने रात्रभर पाठ केली होती. जर्मन तेवढं पाठ करायचं राहिलं होतं.

हॉटेलच्या हॉलमध्ये पहिलाच प्रश्न आला: "तुमच्या कारकिर्दीत पुढे काय?"

उटेने माइक जवळ ओढला. मग सावकाश म्हणाली, "नाख डिझेम टुर्नियर ह्योरे इश आउफ."

शेवटच्या शब्दाला माइकने अशी किंकाळी फोडली, की पुढच्या रांगेतल्या माणसाच्या हातातला कावा, ती वेलचीची अरबी कॉफी, सांडला. पण नीलाला 'ह्योरे' स्पष्ट ऐकू आलं होतं. ह्योरेन म्हणजे ऐकणे. पहिल्याच धड्यातलं क्रियापद.

"या स्पर्धेनंतर," नीलाने इंग्रजीत जाहीर केलं, "त्या ऐकणार आहेत."

पत्रकारांची पेनं थबकली.

"काय ऐकणार?" एका पत्रकाराने विचारलं.

आता मागे फिरणं नीलाच्या स्वभावात नव्हतं. "कुवेतचं ऐकणार," ती म्हणाली. "इथे ज्यांना शिकायचंय त्यांचं."

"म्हणजे इथे गोल्फ शिकवणार? बायकांनाही?"

"बायकांना आधी," नीला म्हणाली. हे कुठून आलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

टाळ्या पडल्या. बू सालेम सर्वांत जोरात वाजवत होते. उटेने नीलाकडे एकदा बघितलं आणि माइक बाजूला सारला.

संध्याकाळी चहा गाळताना नीलाचा हात एकदम थबकला. त्या किंकाळीखाली 'आउफ' होतं. जर्मन लोक क्रियापद मोडतात आणि त्याचा तुकडा वाक्याच्या पार शेपटाला नेऊन टाकतात. ह्योरेन म्हणजे ऐकणे. आउफह्योरेन म्हणजे थांबणे.

"अहो," ती बसकण मारत म्हणाली, "ती बाई निवृत्त होत होती."

"आणि तू?"

"मी तिला नोकरीला लावली."

"मम्मी, दॅट्स सो एम्बॅरसिंग," त्यांची मुलगी जुईली आतल्या खोलीतून म्हणाली.

सकाळी पेपरात बू सालेम यांच्या नावाने बातमी होती: सोमवारी जर्मन खेळाडूचा महिलांसाठी मोफत वर्ग. फोनला उसंत मिळेना. खालच्या मजल्यावरची, रत्नागिरीची रबिया तर थेट दारातच आली. "नीलाताय, माजा नाव पयला घाला. न्हवरा नको म्हनतोय, म्हनजे जायलाच व्हया."

नीला टॅक्सीने हॉटेलवर गेली. वाटेत तिने माफीचं वाक्य तयार केलं होतं, सगळी क्रियापदं जागच्या जागी. लॉबीत उभ्या उभ्या तिने ते म्हटलं. उटेने ऐकून घेतलं आणि स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "कॉफी घेणार?"

नीला मटकन खुर्चीत बसली. "तुम्हाला इंग्रजी येतं?"

"जगभर खेळते मी. येणारच."

"मग काल का नाही बोललात?"

"चार वर्षं झाली, सगळे एकच विचारतात, थांबणार कधी. काल म्हटलं, सांगून टाकू, पण निदान आपल्या भाषेत. आणि माझ्या शेजारच्या बाईने भरसभेत सांगितलं, की मी थांबत नाहीये. इतक्या खात्रीने, की मलाच वाटलं, हिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल." ती हसली. "सोमवारी किती जणी येतायत?"

येणार होत्या पुष्कळ. पण सोमवारी गोल्फ क्लबच्या फाटकावर सेक्रेटरी आडवा उभा होता. मैदान सभासदांसाठी आहे, आणि सभासद सगळे पुरुष. बू सालेम ओशाळून त्याच्या मागे उभे होते.

उटेने फाटकातून आत बघितलं. मैदान म्हणजे निखळ वाळू होती, गवताची काडी नाही. मग तिने बाहेर बघितलं. तिथेही क्षितिजापर्यंत तीच वाळू.

"आत काय वेगळं आहे?" तिने विचारलं.

सेक्रेटरीने मागे वळून बघितलं. "कुंपण आहे," तो म्हणाला.

"ते आम्हाला नकोच आहे."

आणि वर्ग कुंपणाबाहेर भरला. साड्या, सलवार, अबाया, पायांत सपाता. चेंडू वाळूत रुतू नये म्हणून प्रत्येकीला चेंडूखाली ठेवायला नकली गवताचा तुकडा मिळाला. रबियाचा तिसरा फटका कुंपणावरून आत गेला आणि सेक्रेटरीच्या पायाशी पडला. चेंडू परत द्यायला बू सालेम स्वतः बाहेर आले आणि घुटमळले.

"मॅडम, माझाही फटका नेहमी उजवीकडे जातो."

"रांगेत उभे राहा," उटे नीलाकडे बोट दाखवत म्हणाली. "या बाईंच्या मागे."

आणि ते उभे राहिले. उटे त्यानंतर आणखी तीन मोसम खेळली. एकही स्पर्धा जिंकली नाही आणि थांबण्याबद्दल कुणाला उत्तर दिलं नाही.

त्या दिवशी बायकांत सर्वांत शेवटी नीलाची पाळी आली. तिने पदर खोचला, सेक्रेटरीकडे एक जळजळीत नजर टाकली आणि सगळा जीव एकवटून काठी फिरवली. सपकन आवाज झाला. कुंपणापलीकडे काहीतरी उंच उडालं आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

नीलाने अभिमानाने खाली बघितलं. चेंडू जागच्या जागी होता. गवत गेलं होतं.