जयपालाचं दुसऱ्यांदा फुटलेलं जहाज

आमचे शेजारी विसूभाऊ ऐन संकटात पुस्तक मिटायचे. वाघ झेप घेणार, एवढ्यात चाळशी काढून तंबाखू मळायला बसायचे. "आता जीव मुठीत धरा. बाकी उद्या!" संतापून उपयोग नसे. साऱ्या ठाण्यात ते पुस्तक त्यांच्या एकट्याकडेच होतं.

विसूभाऊ मिठागरावर जन्मभर कारकुनी करून आता घरी बसलेले. मूलबाळ नाही. काकू गेल्यापासून त्या घरातून दिवसदिवस माणसाचा आवाज येत नसे. मग कुठूनसं त्यांनी हे पुस्तक पैदा केलं आणि दिवेलागणीला ओटीवर मोठ्याने वाचू लागले. जहाज फुटून ओसाड बेटावर एकटाच अडकलेला जयपाल नावाचा पोरगा, एवढीच काय ती गोष्ट. पण आठवड्याच्या आत ओटी भरली, अंगणात मिठागरावरची माणसं दाटीवाटीने बसू लागली. मला असल्या गोष्टींचं वेड नाही. कचेरीतून आल्यावर पाय मोकळे करायला जायचो, इतकंच. कल्याणहून आलेल्या आमच्या मेहुण्याने मात्र जयपाल दरीत लोंबकळत होता म्हणून परतीची गाडी चुकवली.

वाचताना भाऊंच्या अंगात यायचं. जयपाल चुकला की त्यालाच झापायचे. "अरे गाढवा, आधी गोडं पाणी शोध!"

गणपतीच्या सुमाराला एकदाचं बेटाला जहाज लागलं आणि जयपाल त्यात चढला. टाळ्या काय, गूळ वाटणं काय, विचारू नका. दुसऱ्या संध्याकाळी अंगणात चिटपाखरू नव्हतं. भाऊ दिवा लावून एकटेच बसले होते. मला बघताच घाईघाईने म्हणाले, "अरे, संपलं कुठं? ते जहाजही फुटलं!"

झालं! अंगण पुन्हा भरलं.

दुसरं बेट मोठं चमत्कारिक निघालं. तिथे तिवरं होती, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मासळ्या जयपाल भाजून खात होता, आणि त्याने बघता बघता मिठागर काढलं. लेखकाला आमच्या खाडीची इतकी माहिती कशी, याचं मला नवल वाटे. धाकू पाटील हा मिठागरावरचा जुना गडी. तो अंगणातून म्हणाला, "भाऊ, ह्यो बांध उधानाला टिकनार नाय." भाऊ जरा थबकले. पुढच्याच पानावर बांध फुटला.

एके दिवशी भाऊ आमच्याकडे सत्यनारायणाला जेवले आणि चाळशी विसरून गेले. चाळशीवाचून त्यांना हातभरावरचंही धड दिसत नसे. एकदा मैलाच्या दगडाला मारुती समजून त्यांनी तेल घातलं होतं! म्हणून संध्याकाळी मी चाळशी घेऊन निघालो. म्हटलं, आज वाचन बंद असणार.

जाऊन बघतो तर वाचन जोरात! जयपाल मगरीच्या जबड्यातून पाय सोडवत होता. भाऊंच्या हातात पुस्तक होतं, पानंही वेळच्या वेळी उलटत होती. आणि चाळशी माझ्या हातात. अहो, हा माणूस वाचतच नव्हता! मनाने रचून सांगत होता. मला असा राग आला म्हणता! आदल्या दिवशी याच मगरीसाठी मी कचेरीतून धावत आलो होतो.

मी तोंड उघडणार, तोच धाकूने माझा हात दाबला. "चालशी खिशात घाला, साहेब. आमाला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"पुस्तक गनपतीलाच सरलं. अवो, पुस्तकातला पोर निवट्या खाल का कंदी?"

"मग येता कशाला रोज?"

धाकू मी वेडा असल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. "आमी नाय आलो तं भाऊ बोलंल कुनाशी?"

मी चाळशी खिशात घातली आणि खाली बसलो.

थोड्या वेळाने भाऊंनी पुस्तक मिटलं. माणसं उठली. मीही निघालो. भाऊ डोळे बारीक करून माझ्या दिशेने पाहत होते.

"कोण रे?"

"मी, शेजारचा. भाऊ, मगरीने पाय सोडला का, तेवढं तरी सांगा."

"बाकी उद्या," भाऊ म्हणाले. पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं. मग हळूच विचारलं, "येशील ना?"