माशाच्या मापाचं घर

आमच्या घरातला पिवळा मासा वळताना त्याची शेपटी काचेला लागते, ही गंभीर बाब एका रविवारी सकाळी माझ्या निदर्शनास आली. मी चहा तसाच ठेवला आणि टाकीसमोर बसून राहिलो. मासा डावीकडे गेला, वळला, शेपटी लागली. उजवीकडे आला, वळला, पुन्हा लागली. एखाद्या सजीवाला नीट वळताही येऊ नये, आणि तेही माझ्या घरात! मला अगदी कसंतरी झालं.

याला कारण माझा पेशा. मी एका मोठ्या कार्यालयात जागा-नियोजन अधिकारी आहे. कुणी कुठे बसायचं ते मी ठरवतो, आणि कुणाला यापुढे कुठेच बसायची गरज नाही, तेही मीच कळवतो. माझ्या कारकिर्दीत त्याच मजल्यावर दुप्पट माणसं बसू लागली. खुर्चीला खुर्ची लागते अशी तक्रार आली, की मी त्यावर 'परस्पर-सहकार्य वाढीस लागल्याचे दिसून येते' असा शेरा मारतो. पण माणसाचं वेगळं आहे हो. माणूस तक्रार तरी करतो. मासा बिचारा मुका.

मी बायकोला हाक मारली. "अगं, हा कोंडला गेलाय."

तिने हात पुसत टाकीत डोकावून पाहिलं. "कशावरून? तुम्हाला काही बोलला का तो?"

"बोलायला कशाला हवं? त्याच्या चेहऱ्यावर दिसतंय."

"कमाल आहे. इतक्या वर्षांत माझ्या चेहऱ्यावरचं कधी दिसलं नाही ते!" एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. मुद्दा सोडून बोलण्याची तिची जुनी सवय आहे.

आमची टाकी खाऱ्या पाण्याची. तिच्यात प्रवाळ आहेत, म्हणजे समुद्राच्या तळाशी वाढणारे ते फुलांसारखे दिसणारे जीव. गोड्या पाण्यात चार रंगीत मासे सोडून फुशारकी मारणारे लोक वेगळे आणि आम्ही वेगळे. आम्ही पाण्यातला खारटपणा रोज मोजतो. घरातल्या माणसांपैकी कुणाचा रक्तदाब तितक्या नेमाने मोजल्याचं मला आठवत नाही.

मोठी टाकी घ्यायची तर सल्ला हवा. मी तडक दुकानात गेलो. दुकानदाराला मासेवाला म्हटलेलं खपत नाही, तो सागरी जीवन सल्लागार आहे. त्याने डोळे मिटून माझं सगळं ऐकून घेतलं.

"टाकी मोठी घेताना लोक एकच चूक करतात," तो म्हणाला. "घराच्या मापाने टाकी घेतात. टाकी घ्यायची ती माशाच्या मापाने. मग टाकीच्या मापाने घर."

इतकं स्वच्छ धोरण मी आमच्या संचालकांच्या तोंडूनही ऐकलेलं नव्हतं.

"उंच घेऊ का?" मी विचारलं.

"मासा काय जिना चढणार आहे? तो आडवा पोहतो. लांबी घ्या. उंची एवढीच, की तुमचा हात तळाला पोहोचला पाहिजे. आणि मोठी घ्या बरं का, आढेवेढे नकोत. थोड्या पाण्यात काही बिघडलं की लगेच भोवतं. पाणी भरपूर असलं की तुमची चूक खपून जाते."

आठ फुटी टाकी ठरली. घरी येऊन मी टेप काढली. दिवाणखान्याची एक भिंत खिडकीने खाल्लेली, दुसरी दाराने. स्वयंपाकघराचा विषय काढताच बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी टेप गुंडाळली. सलग आठ फूट भिंत घरात एकाच ठिकाणी निघाली. बाबांच्या खोलीत.

बाबांनी उभं आयुष्य गोदामपाल म्हणून काढलं. मी त्यांच्या भिंतीला टेप लावली तेव्हा ते पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"काय यायचंय इथे?"

"टाकी, बाबा. मोठी."

"बरं. आणि इथला माल कुठे जायचाय?"

"कुठला माल?"

"मी रे," बाबा म्हणाले. "गोदामात आम्ही काही उचलायच्या आधी उतरवायची जागा बघायचो. म्हणून विचारलं."

मला हसू आलं. म्हातारपणातही बाबांचा विनोद शाबूत आहे, याचा आनंदही झाला. मी त्यांना आमच्या कार्यालयातली लवचिक आसनव्यवस्था समजावून सांगितली. तिथे हल्ली कुणाची ठरलेली खुर्ची नसते, जी रिकामी दिसेल तिच्यावर बसायचं. घरात आपण तीच पद्धत झोपण्यासाठी आणू, असं मी म्हणालो.

"म्हणजे जो आधी आडवा होईल त्याचा पलंग?"

"अगदी तसंच!"

"आणि तुमच्या खोलीतला पलंग रिकामा दिसला तर?"

धोरणात सुरुवातीला काही त्रुटी राहतातच.

टाकी भरली की टनभर वजन होणार, म्हणून इमारतीचा इंजिनियर बोलावला. त्याने जमिनीवर टाच आपटली, भिंतीला कान लावला आणि मान हलवली. "टाकी चालेल. पण मग बाकी वजन नको. कपाट काढा. पलंग काढा."

"आणि वडील?"

"त्यांचं किती?"

"साठच्या आसपास असेल."

इंजिनियरने थोडा विचार केला. "येऊन-जाऊन चालतील. कायम नकोत."

तांत्रिक मतापुढे भावनेला स्थान नसतं. बाबांचा पलंग बाहेरच्या पॅसेजमध्ये, न्हाणीघराच्या दाराशी आला. न्हाणीघर जवळ, म्हणून बाबांची सोयच झाली, हे मी बायकोला दोन-तीनदा सांगितलं. दर वेळी तिच्या हातातलं भांडं जरा जोरात आपटलं.

टाकी आली. तिच्याबरोबर पाणी थंड ठेवणारं यंत्रही आलं. समुद्राच्या तळाचा गारवा खोलीत हवा, त्यामुळे यंत्राची गरम हवा खोलीबाहेर सोडणं भाग होतं. सल्लागाराने वरखाली पाहिलं आणि पॅसेजकडे बोट दाखवलं. "इथे सोडा. इथे काही नाजूक नाहीये ना?"

बाबा पलंगावरच बसले होते. "नाही, नाही," तेच म्हणाले.

नव्या पाण्यात मासा लगेच सोडता येत नाही. आधी टाकी काही आठवडे नुसती चालवून पाणी मुरवावं लागतं. ते आठवडे यंत्र अखंड चालू होतं. प्रवाळांच्या रंगासाठी निळे दिवे लागले, पॅसेजमध्ये झळा आल्या आणि बाबांना कोरडा खोकला जडला. बायकोने त्यांचा पलंग ओढत दिवाणखान्यात नेला. मी मदत केली असती, पण माझा हात तेव्हा टाकीच्या तळाला होता.

मग माशाला हलवण्याचा दिवस उजाडला. सल्लागाराने सगळ्यांना बजावलं, "जिवंत प्राणी आहे. त्याला उचललं आणि दुसरीकडे टाकलं, असं करून चालत नाही. धक्का बसतो. जुन्या पाण्यात नवं पाणी थेंब थेंब मिसळायचं. त्याला कळू द्यायचं, की आपली जागा बदलते आहे. दिवे मंद. आवाज नको."

आम्ही दिवे मंद केले. बादलीत मासा, वरून बारीक नळी, नळीतून थेंब. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. इतकी हळुवार बदली मी कुणाचीच केली नसेल, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दिवाणखान्यातून खोकला आला. मासा बादलीत उसळला.

सल्लागाराने ओठांवर बोट ठेवलं. मी दाराशी जाऊन म्हणालो, "बाबा, प्लीज. त्याला ताण येतोय."

बाबांनी मान हलवली. टॉवेल तोंडावर धरला, चपला हातात घेतल्या आणि दाराचा आवाज न करता बाहेर गेले. नंतर बायकोला ते खालच्या जिन्यावर सापडले. टॉवेलमध्ये तोंड खुपसून खोकत बसले होते, आवाज वर जाऊ नये म्हणून.

ती वर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "लाज वाटू द्या जरा! आपला बाप जिन्यात बसलाय!"

"हळू बोल," मी म्हणालो. "अजून अर्धी बादली व्हायचीय."

तिने तडक माझ्या बहिणीला फोन लावला. ताई तासाभरात हजर झाली. बाबांची पिशवी भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ताईने बादलीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तू मासा सांभाळ हं," एवढंच म्हणाली. बाबा जाताना खोलीच्या दारात थांबले. टाकी नीट न्याहाळून म्हणाले, "माल चांगला लागलाय." मला उठून त्यांना खालपर्यंत सोडायचं होतं, शप्पथ. पण नळी कोण धरणार?

ताईचं घर दोन खोल्यांचं. त्यात ती, तिचा नवरा, दोन मुली आणि आता बाबा. तिथे जागा कुठून निघाली, हे मला व्यावसायिक दृष्टीने आजही उलगडलेलं नाही. तिला जागा-नियोजनाचं काडीचंही ज्ञान नाही. बाबांचा खोकला गेला, असं बायको सांगते. ती तिकडे दर आठवड्याला जाते. मी जाईन म्हणतो, पण पाणी बदलायचा दिवस नेमका तोच येतो.

इकडे नवाच पेच उभा राहिला. पिवळा मासा आठ फुटांत पोहेचना. डाव्या कोपऱ्यात, जुन्या टाकीएवढ्याच जागेत तो घिरट्या घालत राहिला. मी घाबरून सल्लागाराला बोलावलं. त्याने टाकीसमोर बैठक मारली, बराच वेळ पाहिलं आणि निदान केलं.

"एकटा पडलाय. जागा भरपूर आणि जवळ कुणी नाही, मग करमतं होय? याला सोबत लागेल."

मी कपाळावर हात मारला. एवढी जागा करून दिली, आणि सोबतीचा विचारच केला नाही! माणूस इतका आंधळा कसा असू शकतो?

बायको मागे उभी होती. "आणू या मग सोबत," ती म्हणाली. "बाबांना घेऊन येऊ."

"अगं, काहीतरीच काय! खोलीची वजनाची मर्यादा संपलीय."

दुसऱ्या दिवशी मी आणखी दोन मासे आणले. आता तिघं मजेत आहेत. टाकीची कीर्ती पसरली आहे आणि लोक बघायला येतात. काचेला नाक लावून 'वा, वा' करतात, मुलांना उचलून दाखवतात, माशांना काय खायला घालता ते विचारतात. बाबा कुठे असतात हे अजून एकानेही विचारलेलं नाही, आणि मला त्यांच्या सभ्यतेचं कौतुक वाटतं.

परवा वरच्या मजल्यावरचे शेजारी निघताना हळहळले. "आम्हालाही फार हौस आहे हो. पण आमच्याकडे जागा कुठली?"

तुम्हीही हेच म्हणणार, म्हणून त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. जागा नाही असं घर नसतं. नीट फिरून पाहा. टाकीला अशी खोली लागते, जिथे ऊन येत नाही, येणारे-जाणारे डोकावत नाहीत, टीव्हीचा आवाज पोहोचत नाही आणि दार लोटून घेतलं तरी घरात कुणाचं काही अडत नाही. फार शोधावं लागणार नाही. ती तुम्ही कुणाला तरी आधीच देऊन ठेवलेली असेल.