किल्ला, मुखवटेवाला आणि सासूबाईंची कवळी

योजना आखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही! तुम्ही म्हणाल, काय बढाया मारतोय हा. मारतो! कारण यावेळची योजना इतकी पक्की होती की तिच्यात सुई शिरायला जागा नव्हती. ती पार आडवी झाली ही गोष्ट वेगळी, पण त्यात दोष योजनेचा नव्हता, माणसांचा होता.

तर, व्हिडिओ गेम खेळणाऱ्या आम्हा मंडळींचा एक लाडका गेम आहे. त्याचं खरं नाव हातभर लांब आहे, म्हणून आम्ही नुसतं ‘किल्ला’ म्हणतो. आईशी भांडून घर सोडलेली एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत एका भल्याथोरल्या किल्ल्यात शिरते. आणि एक मुखवटेवाला तिच्या मागे लागतो. ती तळघरात, हा तळघरात! ती बुरुजावर, हा बुरुजावर! दुसऱ्या भागाच्या शेवटी तो मुखवट्याला हात घालतो, मुखवटा अर्धा वर उचलतो, आणि पडदा काळा!

तेव्हापासून मी तिसऱ्या भागाची वाट बघतोय. तारीख जाहीर व्हायची, पुढे ढकलली जायची. पुन्हा जाहीर व्हायची, पुन्हा ढकलली जायची. मधल्या काळात माझं लग्न झालं, पण गेम काही आला नाही. अखेर एकदाची पक्की तारीख लागली आणि मी कंबर कसली. मुखवट्यामागे कोण आहे ते मी माझ्या डोळ्यांनी, माझ्या सोफ्यावर बसून, स्वतः खेळून बघणार होतो. कुणाच्या तोंडून ऐकणार नव्हतो!

पहिलं काम म्हणजे मी सगळे ग्रुप सोडले. गेमचे सोडले, मित्रांचे सोडले, सासरच्यांचाही सोडला, कारण माझा मेव्हणा तिथे नको त्या बातम्या टाकतो. दुसरं म्हणजे गेमचा उपास धरला. खरं सांगायचं तर त्याची गरजच होती. गेल्या काही महिन्यांत इतके गेम खेळलो होतो की मला त्यांचा वीट आला होता. नवा गेम उघडावा, तर तो म्हणणार लाकडं तोड. तो बंद करून दुसरा उघडावा, तर तिथेही लाकडंच! बिनपगारी दुसरी नोकरी लागल्यासारखं वाटायचं. म्हटलं, पोट रिकामं ठेवलं की भूक आपोआप लागेल. जुने गेम मित्राला देऊन कपाट मोकळं केलं, ऑफिसात गेम येईल त्या दिवसापासूनची रजा टाकली आणि शांतपणे दिवस काढू लागलो.

ऑफिस म्हणजे कवळ्या बनवायचा कारखाना. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, आम्ही कवळ्या करतो. बसवून बघायला माणसं थेट आमच्याकडेच येतात आणि तिथे आमच्या साहेबांचा एक कडक नियम आहे. कवळी घातल्यावर माणसानं बोलून दाखवायचं! “नुसतं हसणं चालणार नाही,” साहेब म्हणतात. “उच्चार ऐकल्याशिवाय कवळी दारातून बाहेर जाणार नाही!”

या सगळ्या योजनेतलं बायकोला मी अवाक्षर सांगितलं नव्हतं. त्यालाही कारण होतं. ती सिनेमा बघून आली की “शेवट सांगत नाही हं” असं म्हणते आणि त्याच दमात शेवट सांगते. हा गुण तिच्या माहेरचा आहे. तिला किल्ल्याची नुसती कुणकुण लागली असती, तरी तिनं कुठून तरी खोदून मुखवटेवाला शोधला असता आणि चहाबरोबर माझ्यासमोर आणून ठेवला असता.

पण माझं मौन तिला भलतंच कळलं. मी संध्याकाळी घरी यायचो आणि बंद टीव्हीकडे बघत बसायचो.

“काय रे, खेळत नाहीस?”

“नाही.”

“का?”

“इच्छा नाही.”

“आणि ते कपाट रिकामं कसं?”

“देऊन टाकलं सगळं. काय करायचंय साठवून?”

हे बोलताना मी मनातल्या मनात बुरुजावर चढत होतो, त्यामुळे चेहऱ्यावर किंचित हसू असावं. बायको माझ्याकडे बघतच राहिली. मग आत जाऊन ती आईशी फोनवर बराच वेळ बोलली. मी नेहमीप्रमाणे लक्ष दिलं नाही आणि तिथेच माझं नशीब फिरलं.

गेम आला त्या सकाळी पडदे ओढलेले, बिस्किटं हाताशी, कंट्रोलर चार्ज करून मांडीवर. बायको कामाला निघेल आणि मी सुरू करीन, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात बेल वाजली. दारात सासूबाई! हातात बॅग, आणि बॅग दोन दिवसांची नव्हती.

सासूबाई बस डेपोत कंट्रोलर होत्या. नोकरी सुटली, पण आवाज सुटला नाही. त्यांनी आत येताच फर्रकन पडदे उघडले आणि सोफ्यावर मला चिकटून बसल्या.

“जावईबापू, मला सगळं कळलंय.”

“काय कळलंय, आई?”

“माणसं सोडलीत, वस्तू वाटून टाकल्यात, भिंतीकडे बघून हसता. आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरचं अगदी असंच झालं होतं. एक दिवस भरल्या बसमधून उतरला आणि चालायला लागला! संसार नको, पगार नको!”

“तसं काही नाहीये हो!”

“तोही हेच म्हणायचा.”

बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. मला एकदम वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. मी दोघींना समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. किल्ला, मुखवटेवाला, उपास, सगळं!

बायकोनं डोळे पुसले. “म्हणजे आठवडाभर मी रडतेय, आणि हा गेमची वाट बघत होता?”

“हो.”

तिनं उशी फेकून मारली. ती चुकवेपर्यंत दुसरी आली.

सासूबाई मात्र गंभीर होत्या. “खरं बोलताय ना? मग खेळून दाखवा. मी बघते.”

मी सुरू केलं. काय वर्णावा तो क्षण! संगीत घुमलं, किल्ल्याचं दार करकरत उघडलं, ती मुलगी आत आली, आणि एक म्हातारा पुढे होऊन तिला म्हणाला, “आधी थोडी लाकडं गोळा करून आण.”

लाकडं!

मी तोडली. त्यानं आणखी मागितली. मी तोडत राहिलो आणि वाट बघत राहिलो की आता छाती धडधडेल, आता अंगावर काटा येईल. काही नाही! मला जांभई आली. किल्ला मनातल्या मनात इतक्या वेळा सर करून झाला होता की खऱ्या किल्ल्यासाठी हौसच शिल्लक राहिली नव्हती. मला चक्क रडू फुटायचं बाकी होतं.

“अहो, लाकडं कसली तोडताय?” सासूबाई पुढे सरकल्या. “ते उजवीकडे दार दिसतंय, तिकडून जा ना!”

“तसं नसतं आई. तो सांगेल तसं करायचं.”

“का म्हणून? त्याला विचारतंय कोण?”

“जरा धरा हे,” मी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. “पाणी पिऊन येतो.”

पाणी प्यायलो, पलंगावर जरा टेकलो, आणि ढाराढूर झोपलो.

जाग आली ती आरोळीनं. “मागे घे! मागे घे! डावीकडून काढ!” मला वाटलं, स्वप्नात बस आली. बाहेर येऊन बघतो तर सासूबाई सोफ्याच्या टोकावर, चष्मा कपाळावर आणि कंट्रोलर दोन्ही हातांत स्टिअरिंगसारखा धरलेला! बायकोनं कामावर येत नसल्याचं कळवलं होतं आणि ती शेजारी बसून रस्ता सांगत होती. त्या उजवीकडच्या दारातून दोघी थेट बुरुजावर पोचल्या होत्या. ते दार मी आयुष्यात उघडलं नसतं.

आणि काय सांगू, त्यांचे ते चमकणारे डोळे बघून माझी भूक खवळली! सपाटून खवळली! हीच ती धडधड, जिची मी कधीपासून वाट बघत होतो.

“आई, द्या आता इकडे.”

“थांबा हो, एवढा जिना होऊ दे.”

जिना झाला, पूल झाला, तळघर झालं. कंट्रोलर काही सुटेना. तिथे उभा राहिलो असतो तर पुढचं सगळं दिसलं असतं. मग मला काय करावं लागलं? रजा काढलेला मी, माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरात, कानात कापसाचे बोळे घालून बसलो! बायको मधूनच यायची, काहीतरी सांगायला तोंड उघडायची आणि मी दोन्ही हात जोडायचो.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र बोळ्यांतूनही ऐकू आलं, कट्! मागोमाग बायकोची किंकाळी.

सासूबाई तोंडावर रुमाल धरून स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर कवळीचे दोन तुकडे होते. शेवटच्या लढाईत त्यांनी दात इतके आवळले होते की कवळी मधोमध तडकली. त्या स्थितीतही कवळी एका हातात घेऊन त्यांनी लढाई जिंकली होती, हे मला बायकोच्या हातवाऱ्यांवरून कळलं. पुढचे हातवारे बघायच्या आत मी डोळे मिटून घेतले.

आता सासूबाईंचा एक बाणा आहे. कवळी नसताना त्या कुणाशीही चकार शब्द बोलत नाहीत. मी मनात म्हटलं, छान! किल्ल्याचा शेवट कुलूपबंद झाला. आता नीट दुरुस्ती करून द्यावी, घरी यावं आणि निवांत पहिल्यापासून सुरुवात करावी.

त्यांना घेऊन मी कारखान्यात गेलो. साहेब बघतच राहिले. “रजेवर असताना कामाला आलेला पहिलाच माणूस बघतोय मी!”

तुकडे जुळवले, साच्यात बसवले, मसाला भरला. तो घट्ट होईपर्यंत थांबलो आणि मग घासायला घेतली. आणि कितीतरी दिवसांनी माझं डोकं शांत झालं! कशाची वाट बघणं नाही, काही टाळणं नाही, हातात एक काम आणि ते पुरं होत आलेलं. मी चक्क शीळ घालत होतो. आता घरी जाऊन ताज्या मनानं बसायचं, लाकडं तोडायला सांगितली तर हसत हसत तोडायची! सासूबाईंवर मला माया दाटून आली. त्या आल्या नसत्या, तर मी त्या लाकडांपाशीच गेम बंद केला असता. मी कवळीला असं पॉलिश केलं, की आजवर कुणाच्या कवळीला केलं नव्हतं.

सासूबाईंनी ती घातली. दात दाबून बघितले. समाधानानं मान हलवली.

“बसली का नीट?” साहेबांनी विचारलं. त्यांनी मान हलवली.

“टोचत नाही ना?” त्यांनी मान हलवली.

साहेबांनी माझ्याकडे बघून भुवई उंचावली. नियम! आणि मी, स्वतःच्या कामावर खूश असलेला मी, छाती पुढे काढून म्हणालो, “आई, नुसतं हसू नका. बोलून दाखवा काहीतरी. काहीही चालेल, मनात असेल ते बोला!”

दुपारपासून तोंड मिटून बसलेल्या सासूबाईंनी खोल श्वास घेतला.

“जावईबापू, तो मुखवटेवाला बाप्या नाहीच मुळी! ती त्या पोरीची आई आहे! मी माझ्या लेकीला पहिल्या जिन्यावरच सांगितलं होतं, पोरीच्या मागे मागे इतकं दुसरं कोण धावणार?”

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “वा! मानलं बुवा तुला!”

कवळी खरंच उत्तम बसली होती. एकूण एक शब्द स्पष्ट कळला.