एका डावाने जिंकलेली सेमीफायनल

त्या शनिवारी ऑफिसातून घरी येताना मी बँकेच्या रस्त्याने न येता कॉलेजच्या रस्त्याने आलो. माझ्याकडून घडलं ते एवढंच. बँकेच्या रस्त्यावर खोदकाम चालू होतं. (ते आमच्याच पाणीपुरवठा खात्याने काढलेलं होतं. पण मी आवक-जावक विभागात असतो, खड्ड्यांशी माझा संबंध फक्त कागदोपत्री येतो.)

कॉलेजच्या ग्राउंडवर मुलींची फुटबॉलची मॅच चालली होती. मी सहज मान वळवली आणि थांबलो. गोलमध्ये एक ताडमाड उंच मुलगी उभी होती आणि तिच्या अंगात पिवळी जर्सी होती, पाठीवर एक नंबर. ती जर्सी मी ओळखत होतो. तीन वर्षं ती आमच्या बाल्कनीत वाळत होती.

आमची लेक तीन वर्षं या कॉलेजची गोलकीपर होती आणि या तीन वर्षांत मी तिची एकही मॅच पाहिली नाही. "पुढच्या शनिवारी नक्की," असं मी दर शुक्रवारी सांगायचो. एकदा तर म्हणालो होतो, "अगं, तू नुसती उभीच असतेस ना तिथे? त्यात बघायचं काय?" ती हसली होती. म्हणजे हसली असावी, मी पेपरात होतो. मग तिचं शिक्षण संपलं, रेल्वेने अकरा तास लांब नोकरी लागली, आणि माझे पुढचे शनिवार तसेच राहून गेले.

मी पायऱ्यांवर बसलो आणि मॅच संपेपर्यंत उठलो नाही. आमची टीम सहा-शून्य हरली. आमच्या विभागाच्या भाषेत सांगायचं तर नुसती आवक, जावक निरंक.

लेकीचा फोन रविवारी यायचा. आधी तिची आई पाऊण तास बोलायची. त्यात स्वयंपाकघरातून दोनतीनदा खदखदून हसण्याचा आवाज यायचा. मग "घ्या, बोला" म्हणून गरम झालेला फोन माझ्या हातात.

"बरी आहेस?"

"हो."

"जेवणखाण?"

"हो. तुमचं?"

"हो. ठेवू?"

चाळीस सेकंद. बायकोने एकदा घड्याळ लावून बघितलं होतं.

त्या रविवारी "ठेवू" म्हणायच्या आधी मी म्हटलं, "काल तुमच्या टीमची मॅच बघितली."

मला वाटलं फोन कटला.

"बाबा, तुम्ही ग्राउंडवर गेला होतात?"

हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. शाळेतून दप्तर टाकून धावत यायची तेव्हाचा होता तो.

"मग? काय झालं मॅचचं?"

आता, तिची खोलीतली मैत्रीण त्याच आठवड्यात खोली सोडून गेली होती. रोज संध्याकाळी रिकाम्या खोलीचं कुलूप उघडताना कसंतरी होतं, असं ती आईला फोनच्या स्पीकरवर सांगत होती ते मी दाराआडून ऐकलं होतं. अशा पोरीच्या पदरात सहा गोल कसे घालायचे?

"जिंकलो," मी म्हटलं.

"कितीने?"

"सहा-शून्य." (आकडा खराच होता. फक्त बाजू बदलली होती.)

ती किंचाळली. एकोणीस मिनिटं बोललो आम्ही! बायकोने आधी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तेव्हापासून दर शनिवारी मी ग्राउंडवर. टीम नेमाने हरायची आणि मी नेमाने जिंकवायचो. अडचण एकच होती, मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. मग मी पेपरातलं खेळाचं पान वाचायला लागलो आणि हाताला लागतील ती वाक्यं उचलायला लागलो. कुठलं वाक्य कुठल्या खेळाचं, हे बघत बसायला वेळ कुणाला होता?

सहाव्या रविवारी मी जाहीर केलं, "सेमीफायनल आपण एका डावाने जिंकली!"



"एका डावाने?"

"आणि वर चार गडी राखून."

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला.

"सर्दी झाली का गं?"

"हो, थोडीशी," ती कशीबशी म्हणाली. "म्हणजे आता फायनल? कधी आहे?"

"पुढच्या शनिवारी," मी म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं हो!

"मग येते मी बघायला," ती म्हणाली. आणि फोन ठेवलाही.

मी फोन पुन्हा कानाला लावून बघितला. बायकोने मात्र त्याच संध्याकाळी लेकीची गादी उन्हात टाकायचं ठरवलं, कपाटातली चादर काढली, आणि गुणगुणायला लागली. दोन दिवसांनी मला राहवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे टीम जिंकलीच नाही कधी?"

"आठ टीम आहेत. आपण आठवे."

"मग माझी पोरगी अकरा तास बसून काय बघायला येणार?"

बायकोने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "ती घरात पाऊल टाकेपर्यंत यातला एक शब्द जरी फोनवर बोललात ना, तर बघा. आठ महिने झाले तिला बघून."

मी ठरवलं, स्टेशनवरच कबूल करायचं. शनिवारी रजा टाकून प्लॅटफॉर्मवर जाऊन बसलो. गाडी अडीच तास लेट. मी कबुलीची भाषणं पाठ केली, तीन वेगवेगळी. गाडी आली, लेक उतरली. वाळली होती. केस कापले होते. मला भाषणांतलं एकही आठवेना.

"हे बघ, ती फायनल म्हणजे…"

"बाबा, चला लवकर! मॅच संपेल." तिने बॅग माझ्या हातात कोंबली आणि रिक्षाच थांबवली.

आम्ही ग्राउंडच्या फाटकातून आत शिरलो आणि शेवटची शिट्टी वाजली. समोर बघतो तर आमच्या पोरी एकमेकींच्या अंगावर ढीग करून पडलेल्या. पिवळी जर्सी खांद्यांवर उचललेली. कोच मॅडम रुमालाने डोळे पुसत होत्या. क्षणभर मला खरंच वाटलं की फायनल होती आणि आपण जिंकलो!

"अभिनंदन बाबा," लेक गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "एका डावाने का?"

तेवढ्यात ती उंच गोलकीपर (सगळ्या तिला जिराफ म्हणायच्या) धावत आली. "ताई! एक-शून्य! अख्ख्या सीझनमधली पहिली मॅच जिंकलो!"

मी माझ्या चपलांचं निरीक्षण करायला लागलो.

"आमच्या लीगमध्ये फायनल नसते, बाबा," जिराफ गेल्यावर लेक म्हणाली. "सेमीफायनलही नसते. सगळ्या टीम सगळ्यांशी एकेकदा खेळतात, संपलं."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी. मॅडम ग्रुपवर स्कोअर टाकतात."

"मग बोलली का नाहीस?"

तिने बुटाच्या टोकाने चुन्याची रेघ थोडी पुसली. "तुम्ही फोन ठेवला असतात."

मी बॅग या हातातून त्या हातात घेतली. ग्राउंड रिकामं झाल्यावर तिने एक बॉल मागून घेतला आणि गोलकडे बोट दाखवलं. "जा, उभे राहा तिथे. नुसतं उभंच तर राहायचंय."

उभा राहिलो. माणूस गोलमध्ये उभा राहिला की मागची जाळी केवढी मोठी होते, हे पायऱ्यांवरून कळत नाही. तिने अकरा किका मारल्या. दहा गोल झाले. अकरावा बॉल मी पोटाने अडवला, पण बॉलबरोबर मीही जाळीत गेलो, त्यामुळे तो गोलच धरला गेला. चष्मा शोधायला आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत होतो तेव्हा मी म्हटलं, "तीन वर्षं उभी होतीस गं तू इथे." ती म्हणाली, "पळतही होते, बाबा. तुम्ही बघायला हवं होतं." चष्मा तिलाच सापडला. तिने तो स्वतःच्या ओढणीला पुसून माझ्या नाकावर ठेवला.

निघताना मॅडमनी मला बाजूला घेतलं. "काका, रागावू नका. सहा मॅचना तुम्ही होतात, सहाही हरलो. आज नव्हतात, तर…"

"योगायोग हो, मॅडम."

"मीही तेच म्हटलं. पण पोरींनी मतदान घेतलं. पुढच्या सीझनला तुम्ही सरावाला जरूर या. मॅचला नको."

"माझ्या बाजूने कुणीच नव्हतं?"

"तुमच्या लेकीचं मत धरलं नाही. ती आता माजी खेळाडू."

"तिने कुणाला दिलं होतं?"

मॅडम शिट्टी पुसायला लागल्या.

या वर्षीचा सीझन सुरू झालाय. शनिवारी मी घरी बसतो आणि रविवारी लेक फोनवरून मला आपल्या गावातली मॅच सांगते, तास-तासभर. बायकोला हल्ली फोन उशिरा मिळतो, त्यावरून कुरकुर असते. टीम बरी खेळते म्हणे. पण ऐकून ऐकून किती ऐकणार? गेल्या शनिवारी राहवेना, म्हणून ग्राउंडच्या भिंतीबाहेर, सायकल स्टँडमागे, कुणाला दिसणार नाही असा जाऊन उभा राहिलो. आतला ओरडा ऐकू यायचा, पण गोल कुणी केला ते काही कळेना. दहा मिनिटांत तीनदा ओरडा झाला.

चौथ्यांदा होणार तेवढ्यात फाटक जरासं उघडलं आणि फटीतून मॅडमचं डोकं बाहेर आलं.

"काका," त्या हात जोडून म्हणाल्या, "घरी जाता का?"